रिकामा राहिलेला तक्ता : अनुराधा साहा प्रकरणाचा अभ्यास

२४ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातलं एक खासगी रुग्णालय आणि तीन डॉक्टर यांना मिळून सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई द्यायला लावली. व्याज धरून हा आकडा अकरा कोटींच्या वर गेला. वैद्यकीय हलगर्जीपणाबद्दल एवढी मोठी रक्कम भारतात तोवर कुणालाच मिळालेली नव्हती, त्यामुळे बातम्यांमध्ये रक्कमच गाजली. पण त्या आधीच्या पंधरा वर्षांत याच कुटुंबाला, याच घटनेबद्दल, वेगवेगळ्या दारांवर 'नाही' ऐकावं लागलं होतं. दाद मागायला निघालेल्या माणसाने आधी ते नकार समजून घ्यावेत असं मला वाटतं. रकमेकडे नंतर वळू.

अनुराधा साहा बालमानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. पती डॉ. कुणाल साहा अमेरिकेत वैद्यकीय क्षेत्रात काम करत होते. १९९८ च्या उन्हाळ्यात दोघं कोलकात्याला आले. एप्रिलच्या शेवटी अनुराधा यांच्या अंगावर पुरळ उठलं. २६ एप्रिलला शहरातल्या एका नामांकित वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांना तपासलं. पुरळ ओसरेना, वाढतच गेलं, तेव्हा ७ मे रोजी त्याच डॉक्टरांनी डेपोमेड्रॉल हे स्टिरॉइडचं इंजेक्शन लिहून दिलं : ८० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस. हे औषध शरीरात हळूहळू सुटतं आणि त्याचा परिणाम बराच काळ टिकतो. म्हणून एक मात्रा दिली की पुढची एक-दोन आठवड्यांनी द्यायची, अशी त्याची रीत. इथे दिवसातून दोनदा लिहिलं होतं.

११ मे रोजी त्यांना आमरी रुग्णालयात दाखल केलं. दाखल करणारे डॉक्टर त्याच रात्री ठरल्याप्रमाणे परदेशी निघून गेले आणि उपचार इतरांकडे गेले. निदान झालं ते टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिसचं. त्वचेचे थर सुटून येणारा हा दुर्मीळ आजार आहे. अशा रुग्णाला भाजलेल्या रुग्णासारखं सांभाळावं लागतं : शिरेतून द्रव, जंतुसंसर्गापासून बचाव, तासातासाची देखरेख. नव्या डॉक्टरांनी आधीच्या स्टिरॉइडवर आणखी एक, झटपट काम करणारं स्टिरॉइड चढवलं. १७ मे रोजी विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवेपर्यंत बराच उशीर झाला होता. २८ मे १९९८ रोजी अनुराधा गेल्या. वय अवघं ३६.

इथून पुढे कुटुंबाने तीन वेगळी दारं ठोठावली. वैद्यकीय हलगर्जीपणात होरपळलेला कोणीही माणूस आजसुद्धा याच तीन दारांपुढे उभा राहतो. कुठल्या दारात कोणता प्रश्न विचारला जातो हे आधी कुणी समजावून सांगत नाही, आणि तिथेच वर्षं वाया जातात.

पहिलं दार मेडिकल कौन्सिलचं. तिथे विचारलं जातं ते एवढंच, की या डॉक्टरचं वागणं व्यवसायाच्या नियमांना धरून होतं का. ताकीद देता येते, नोंदणी काही काळ थांबवता येते, रद्दही करता येते. भरपाईचा एक रुपयाही तिथून मिळत नाही. पश्चिम बंगालच्या कौन्सिलने डॉक्टरांना दोषमुक्त केलं. डॉक्टरांनीच डॉक्टरांचा न्याय करायचा या रचनेबद्दल लोकांच्या मनात जी शंका असते ती मला अनाठायी वाटत नाही. तरीही या दाराकडे पाठ फिरवू नये. तक्रारीला उत्तर म्हणून डॉक्टर जो लेखी खुलासा करतात, तो पुढे फार कामाला येतो. नंतर दुसरीकडे त्यांनी वेगळं काही सांगितलं, तर हाच कागद समोर ठेवता येतो.

दुसरं दार फौजदारी. 'निष्काळजीपणाने मृत्यू' या कलमाखाली, म्हणजे त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अ खाली, खटला चालला. २००२ मध्ये अलीपूरच्या न्यायालयाने दोन डॉक्टरांना तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. २००४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. ७ ऑगस्ट २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'मलय कुमार गांगुली विरुद्ध सुकुमार मुखर्जी' या निकालात ती सुटका कायम ठेवली. (गांगुली हे कुटुंबाच्या बाजूचे फिर्यादी, आणि मुखर्जी म्हणजे ते इंजेक्शन लिहून देणारे वरिष्ठ डॉक्टर.)

पण त्याच दिवशी, त्याच निकालपत्रात, त्याच न्यायमूर्तींनी दिवाणी दायित्वापुरते डॉक्टर आणि रुग्णालय हलगर्जी ठरवले. ग्राहक आयोग हे कुटुंबाने ठोठावलेलं तिसरं दार. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००६ मध्ये फेटाळलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली आणि फक्त रक्कम ठरवण्यासाठी परत आयोगाकडे पाठवली.

हे वाचताना अनेकांचा गोंधळ उडतो. एकाच निकालात डॉक्टर सुटले आणि दोषीही ठरले, हे कसं? उत्तर प्रश्नांच्या फरकात आहे. फौजदारी न्यायालय विचारतं : या एका माणसाचा दोष इतका ढळढळीत होता का, की त्याला तुरुंगात टाकावं? सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाने डॉक्टरांच्या बाबतीत ही पायरी मुद्दाम उंच ठेवली आहे. साधी चूक, चुकलेला अंदाज, काळजीतली उणीव एवढ्यावर फौजदारी गुन्हा होत नाही, दोष घोर असावा लागतो. पोलिसांनीसुद्धा डॉक्टरवर पुढची कारवाई करण्याआधी त्या विषयातल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं असं त्या निकालात सांगितलं आहे. अनुराधा यांच्या बाबतीत एकाने औषध जास्त दिलं, दुसऱ्याने त्यात भर घातली, तिसरीकडे शुश्रूषा तोकडी पडली. मृत्यू या सगळ्याच्या साचण्यातून आला. कुणा एकाच्या कृतीवर बोट ठेवून 'यानेच' असं म्हणता येत नव्हतं, आणि फौजदारी कायद्याला ते 'यानेच' लागतं.

ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय विचारतं ते निराळं : वाजवी कौशल्याच्या डॉक्टरने जेवढी काळजी घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली का, आणि त्या कमतरतेमुळे नुकसान झालं का? इथे साचलेला दोष सगळ्यांत वाटून देता येतो. डॉक्टर, परिचारिका, सोयी यांची जबाबदारी रुग्णालयावर टाकता येते. पुरावाही 'अधिक संभाव्य काय' या मापाने तोलला जातो. राष्ट्रीय आयोगाने २००६ मध्ये तक्रार फेटाळताना फौजदारी खटल्यातल्या सुटकेवर भिस्त ठेवली होती. ते चूक होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

म्हणून वकिलाकडे जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं, की तुम्हाला काय हवं आहे ते आधी ठरवा. डॉक्टर तुरुंगात जावा असं वाटत असेल तर वाट अरुंद आहे, आणि ती बहुतेकदा मध्येच संपते. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. इतरांसाठी ती पाच वर्षांपर्यंत आहे. चूक झाली हे कुणीतरी अधिकृतपणे मान्य करावं आणि मागे राहिलेल्यांना आधार मिळावा असं वाटत असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त खात्रीचा. दोन्ही एकाच वेळी करता येतं. पण फौजदारीत आधी हरल्याची सावली दुसऱ्या खटल्यावर कशी पडते, हे साहा कुटुंबाने २००६ मध्ये अनुभवलं.

आणि चौथी वाट कोणी धरू नये : काचा फोडण्याची, डॉक्टरच्या अंगावर धावून जाण्याची. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे. एका रात्रीत पीडित कुटुंब आरोपी होतं आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

कागद

२००९ च्या निकालात दोषांची यादी आहे. औषधाची मात्रा त्यात आहेच. पण मला त्यातली सगळ्यांत बोलकी वाटते ती एक साधी नोंद, किंवा खरं तर नोंदीचा अभाव. ११ मे ते १६ मे या काळात रुग्णाचं तापमान, नाडी, श्वासाची गती, रक्तदाब, शरीरात गेलेलं पाणी आणि बाहेर पडलेली लघवी या गोष्टी तपासल्या गेल्या नाहीत. पहिल्या ४८ तासांत अत्यावश्यक असलेलं सलाइनही दिलं गेलं नाही.

वॉर्डातला तो तक्ता आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या पॅडवर तारखा आणि वेळांचे रकाने आखलेले असतात आणि दर काही तासांनी परिचारिका त्यात आकडे भरत जाते. नातेवाइकांना तो कंटाळवाणा कागद वाटतो, आणि भांडायला निघालेला माणूस बिलं, औषधांच्या पावत्या, मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी एवढंच घेऊन येतो. पण देखरेख होती की नव्हती याची साक्ष तोच तक्ता देतो. डॉक्टर कितीही सांगोत, 'आम्ही पेशंटकडे सतत लक्ष ठेवून होतो', रकाने रिकामे असतील तर ते बोलणं टिकत नाही. उलटही खरं आहे. तक्ता नीट भरलेला असेल, वेळेवर बदललेले उपचार त्यात दिसत असतील, तर कुटुंबाचा संशय खोटा ठरू शकतो, आणि ते लवकर कळणंही त्यांच्या भल्याचंच असतं.

म्हणून वकील गाठण्याच्याही आधी कागद मागा. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. पूर्ण इनडोअर केस पेपर मागा : दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, तापमान-नाडीचा तक्ता, संमतीपत्र, शस्त्रक्रियेची आणि भुलेची नोंद, सगळे तपासणी अहवाल, एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. रुग्णाला नोंदींची प्रत मिळाली पाहिजे हे मुंबई उच्च न्यायालयाने त्याही आधी, १९९६ मध्ये, रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलं होतं.

मागणी लेखी करा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. अर्जाची भाषा साधी ठेवा. 'पुढच्या उपचारासाठी आणि कुटुंबाच्या माहितीसाठी नोंदींची प्रत हवी' एवढं पुरे. आरोप, धमकी, 'कोर्टात खेचतो' हे त्या अर्जात नको. वकिलाची नोटीस कागद हाती आल्यावर जावी, हा क्रम मी आग्रहाने सांगेन. नोटीस पोचली की समोरचं रुग्णालय सावध होतं, आणि नंतर मिळणाऱ्या कागदांतली शाई कधीची, हा नवाच वाद उभा राहतो.

सोबत घरातल्यांनी आपलं तारीखवार टिपण करून ठेवावं. कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, कोण डॉक्टर आले, काय म्हणाले, कोणतं इंजेक्शन दिल्यावर काय झालं. आठवण ताजी आहे तोवर हे लिहा. सहा महिन्यांनी मन आपोआप कहाणी जुळवू लागतं, आणि उलटतपासणीत तीच जुळवणी अंगावर येते.

तज्ज्ञ कुठून आणायचा?

साहा प्रकरण सर्वसाधारण कुटुंबापेक्षा वेगळं आहे ते इथे. डॉ. कुणाल साहा स्वतः डॉक्टर. औषधाची मात्रा चुकीची आहे हे त्यांना कागद पाहताच कळू शकत होतं. त्यांनी परदेशातल्या तज्ज्ञांची मतं मिळवली, वैद्यकीय साहित्य न्यायालयापुढे ठेवलं, आणि अनेकदा स्वतःच युक्तिवाद केला. पुढे त्यांनी 'पीपल फॉर बेटर ट्रीटमेंट' ही संस्था उभी केली. गावाकडून येऊन सिव्हिलच्या आवारात दोन रात्री काढलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. स्थानिक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला राजी होत नाहीत, हे उघड गुपित आहे.

तरी मार्ग आहेत. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या 'व्ही. किशन राव' निकालात स्पष्ट केलं आहे. पोटात राहिलेला गॉज (शस्त्रक्रियेत वापरायचं जाळीदार कापड), चुकीच्या पायावर झालेली शस्त्रक्रिया, आधीच नोंदवलेली ॲलर्जी असताना दिलेलं तेच औषध यांत घटनाच बोलते. जिथे प्रश्न बारीक आहे, उदाहरणार्थ मात्रा योग्य होती का, शस्त्रक्रिया आधी करायला हवी होती का, तिथे दुसऱ्या शहरातला, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा डॉक्टर शोधावा. त्याला आधी साक्षीसाठी गळ घालू नये. नुसते कागद वाचून 'इथे काही चुकलं आहे का' हे प्रामाणिकपणे सांगा, एवढंच विचारावं. तो 'नाही' म्हणाला तर तेही ऐकावं. रुग्ण बरा झाला नाही किंवा दगावला म्हणजे हलगर्जी झालीच, असं कायदा धरत नाही. ज्ञात गुंतागुंत आणि चूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि चांगला वकील पहिल्याच भेटीत हा फरक तपासतो. 'नक्की जिंकू' असं कागद न बघता सांगणाऱ्याकडून उठून यावं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, स्वतःही बाजू मांडता येते. पण वैद्यकीय प्रकरणात समोर विमा कंपनीचे अनुभवी वकील असतात, म्हणून एकट्याने उतरण्याचा सल्ला मी देणार नाही.

आणखी एक गोष्ट साहा प्रकरणात घडली, जी नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की पतीनेच उपचारांत हस्तक्षेप केला. रक्कम ठरवताना २०११ मध्ये राष्ट्रीय आयोगाने पावणेदोन कोटींच्या आतबाहेरचा आकडा काढला आणि या कारणाने त्यातून १० टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती कपात रद्द केली. पण असा बचाव येतोच. 'आम्ही हलवा म्हणत होतो, नातेवाईक ऐकेनात', 'यांनी माहिती लपवली', 'हे मध्येच दुसऱ्या डॉक्टरचं औषध देत होते'. दवाखान्यात असताना ज्या कागदावर सही मागतात तो वाचूनच सही करावी, विशेषतः 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' असं लिहिलेला.

रक्कम आणि मुदत

२०१३ च्या 'बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा' निकालातला मोठा आकडा कुठून आला? (बलराम प्रसाद हे त्या तीन डॉक्टरांपैकी एक.) सर्वांत मोठा भाग बुडालेल्या उत्पन्नाचा होता. अनुराधा यांचं संभाव्य वार्षिक उत्पन्न ४० हजार डॉलर धरलं, पुढच्या वाढीचे ३० टक्के मिळवले, स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला, ३० वर्षांनी गुणलं आणि डॉलरला ५५ रुपये धरले. बेरीज आली ५ कोटी ७२ लाख ५५० रुपये. उरलेल्या बाबी त्यापुढे लहान होत्या : वेदनांसाठी १० लाख, खटल्याच्या खर्चापोटी साडेअकरा लाख, आणि पती पत्नीच्या सहवासाला मुकला त्याबद्दल १ लाख. दोन डॉक्टरांनी प्रत्येकी १० लाख, तिसऱ्याने ५ लाख, आणि बाकी सगळं रुग्णालयाने द्यायचं. मूळ मागणी होती ७७ कोटींच्या वर.

हे सविस्तर सांगतो, कारण 'कोलकात्याच्या केसमध्ये इतके कोटी मिळाले' असं म्हणत लोक येतात. तो आकडा अमेरिकेतल्या उत्पन्नाचा आहे. इथे घर सांभाळणारी बाई, शेतमजूर किंवा शाळकरी मूल गेलं तर भरपाई याच्या आसपासही जात नाही. याचं मला दुःख आहे. त्याच चुकीने गेलेल्या जिवाचा हिशेब पगाराच्या चिठ्ठीवर ठरतो, ही व्यवस्थेतली अन्याय्य बाजू आहे. पण मागणी लिहिताना ती माहीत असलेली बरी. पुढच्या उपचारांचा खर्च, सांभाळणाऱ्या माणसाचा बुडालेला रोजगार, कायमचं अपंगत्व या बाबी कागदांसह नीट मांडल्या तर रक्कम वाढते. नुसता मोठा आकडा टाकून वाढत नाही.

डॉ. साहांनी १९९९ मध्ये तक्रार थेट दिल्लीला राष्ट्रीय आयोगात केली. तेव्हा मागितलेल्या भरपाईवरून आयोग ठरत असे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि हे बदललं. आता रुग्णालयाला तुम्ही किती पैसे दिले यावरून आयोग ठरतो : ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय. बहुतेक दवाखान्यांची बिलं पन्नास लाखांच्या खालीच असतात, त्यामुळे भरपाई कितीही मागा, सुरुवात आपल्या जिल्ह्यातच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ही नव्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. १९९५ च्या 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' निकालाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सगळ्यांवर पूर्ण मोफत उपचार होतात ती रुग्णालयं बाहेर ठेवली. तिथल्या हलगर्जीसाठी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका, हे मार्ग राहतात.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. मुंबईतल्या एका प्रकरणात १९९३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत सापडला आणि तक्रार २००४ मध्ये झाली. दोष उघड झाल्यापासून मुदत मोजता येते हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मानलं. तरीही तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण तक्रारदार स्वतः अनुभवी परिचारिका होत्या आणि इतकी वर्षं पोट दुखत असताना त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे विचारणा केली नव्हती. त्रास होत असेल तर परत त्याच दवाखान्यात जाऊन तो केस पेपरवर लिहून घ्यावा, आणि त्याची प्रत घरी आणावी.